बाई, किती दिवस?
(प्रस्तावना)

आठवीच्या वर्गात मातीचे प्रकार शिकवताना फळ्यावर ‘मुरूम’ हा शब्द लिहिला, की मागच्या बाकांवर हमखास हशा पिकायचा. रस्त्यावर अंथरायच्या तांबूस, खडबडीत मातीला जे नाव, तेच गालावरच्या फोडांनाही. हशा ओसरेपर्यंत एखादी मुलगी मान खाली घालून कपाळावर केस ओढून घ्यायची. एखादा मुलगा उगाचच हनुवटीवर हात ठेवून बसायचा. त्या मुलीच्या केसांमुळे आणि त्या मुलाच्या हातामुळे हे पुस्तक लिहिलं गेलं.

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला. प्रजननसंस्थेच्या धड्याच्या वेळी मोठ्यानं प्रश्न विचारायला मुलं लाजतात, म्हणून वर्गात बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, मी शुक्रवारी उत्तरं द्यायची. वाटलं होतं तसे प्रश्न थोडेच आले. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या चेहऱ्यावरच्या फोडांबद्दल असायच्या. ‘टूथपेस्ट लावली तर चालते का?’ ‘माझं रक्त खराब आहे का?’ ‘लग्न झाल्यावर जातात हे खरं का?’ एका चिठ्ठीत तर एवढंच होतं : ‘बाई, किती दिवस?’

त्या शुक्रवारी मी काहीतरी गुळमुळीत बोलले. नीट उत्तर मला माहीतच नव्हतं. मी स्वतः याच वयात याच गोष्टीपायी होरपळले होते, तरीही.

आमच्या घरी माझ्या चेहऱ्याचं निदान सगळ्यांनी मिळून केलं होतं. आजी म्हणाली, उष्णता झालीय. काकूचं मत, पोट साफ होत नाही. शेजारच्या वहिनींच्या मते रक्त बिघडलं होतं, आणि त्यावर कडुनिंबाचा रस सकाळी अनशापोटी घेणं हा एकच उपाय होता. मावशीनं विषय निकालात काढला : लग्न झालं की जातील. आजी रोज संध्याकाळी सहाण घेऊन बसायची, दुधात जायफळ उगाळायची आणि करंगळीच्या टोकानं प्रत्येक फोडावर ठिपका द्यायची. त्यानं होणारा फरक मला फार सावकाश वाटला. दहावीचा निरोपसमारंभ आठवड्यावर आला तेव्हा मी गुपचूप लिंबू चिरलं, मीठ लावून ते गालावर घासलं आणि केस वाळवायला गच्चीवर उन्हात बसले. निरोपसमारंभाच्या फोटोत फोड दिसत नाहीत, पण डाव्या गालावर तपकिरी पट्टा दिसतो. तो पट्टा जायला पुढचं जवळजवळ वर्ष गेलं.

आजीचा ठिपका आणि माझी लिंबाची फोड यांत काय फरक होता, हे समजायला मला पुष्कळ वाचावं लागलं. या पुस्तकाचा गाभा तोच फरक आहे.

हा आजार नवा नाही आणि शहरी तर मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुटकुळ्यांना तिथे ‘मुखदूषिका’ म्हटलं आहे, कफ, वात आणि रक्त ही त्यांची कारणं दिली आहेत आणि त्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. लहान सावरीचं खोड ज्यानं हातानं चाचपलं आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते सांगावं लागणार नाही. बूड रुंद, टोक अणकुचीदार, आणि सगळं खोडाच्या सालीतूनच वर आलेलं. पुढे शार्ङ्गधरानं ‘तारुण्यपिटका’ हा शब्द वापरला, त्यावरूनच आपली तारुण्यपीटिका आली. लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप त्यानं त्यावर सांगितला. म्हणजे हे दुखणं वयाचं आहे आणि चेहऱ्याचं आहे, एवढं जुन्या वैद्यांनी अचूक हेरलं होतं. त्याला ‘क्षुद्र’ रोगांत घातलं, एवढीच माझी तक्रार. सोळाव्या वर्षी आरशासमोर उभं राहणाऱ्याला तो क्षुद्र वाटत नाही.

आता त्वचेच्या आत काय घडतं ते थोडक्यात. चेहऱ्यावर, छातीवर आणि पाठीवर केसांच्या छिद्रांना जोडलेल्या तेलाच्या ग्रंथी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत दाट असतात. वयात येताना शरीरात अँड्रोजन संप्रेरकं वाढतात. मुलांमध्ये तशी मुलींमध्येही. त्यांचा निरोप मिळाला की या ग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. तोंड बंद राहिलं तर पांढरा दाणा दिसतो, उघडं राहिलं तर काळा. काळ्या दाण्याचा काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतलं रंगद्रव्य आणि हवेशी संयोग पावलेलं तेल यांचा तो रंग असतो, म्हणून कितीही घासलं तरी तो जात नाही. बुचामागे तेल साठलं, की क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू तिथे वाढतात. हे जिवाणू तुमच्या-माझ्या, नितळ चेहऱ्याच्या आणि फोडांच्या, सगळ्यांच्याच त्वचेवर राहतात. शरीर त्यांच्याविरुद्ध उठतं, जागा लाल होते, सुजते, पुवाळते. आपल्याला दिसतो तो मुरूम हा या सगळ्या गोष्टीचा शेवटचा अंक.

हे कळलं की घरातल्या चारही निदानांचा निकाल लागतो. रक्त बिघडलेलं नसतं. रक्तातून संप्रेरकांचा निरोप येतो, एवढंच. पोट साफ असणं चांगलंच, पण गालावरच्या छिद्राला बद्धकोष्ठतेची खबर नसते. उष्णता म्हणजे नेमकं काय, हे मला कोणी मोजून दाखवलं नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम आणि तेल यांनी फोड चिघळतात, एवढं मात्र खरं. राहता राहिलं लग्न. बहुतेकांचे मुरूम विशीच्या मध्यापर्यंत ओसरतात आणि मुलींची लग्नं त्याच सुमारास व्हायची. श्रेय जावयाला मिळालं, काम वयानं केलं. काही स्त्रियांना तर तिशी-चाळिशीतही फोड येत राहतात, लग्न होऊन दोन मुलं झाली तरी.

पुस्तकातली प्रत्येक कृती ज्या एका गोष्टीवर उभी आहे, ती आता सांगते. बूच बसायला सुरुवात झाल्यापासून फोड डोळ्यांना दिसेपर्यंत सुमारे आठ आठवडे जाऊ शकतात. फोड एकदा वर आला, की लहानसा असेल तर बहुधा आठवडाभरात आपसूक बसतो. आता विचार करा. फोड सर्वांत मोठा दिसतो त्या दिवशी आपण घाबरून काहीतरी लावतो. चार दिवसांनी तो बसतो. लावलं ते काहीही असो, टूथपेस्ट, बर्फ, शेजारणीनं सांगितलेला लसूण, ‘गुण’ येतोच. आणि आठ आठवड्यांपूर्वी सुरू झालेला पुढचा फोड तोवर वाटेत असतो, म्हणून आठवड्याभरानं तोच उपाय ‘निकामी’ ठरतो आणि आपण दुसरा शोधतो. घरगुती उपायांची यादी इतकी लांबलचक आहे, त्यामागे हेच गणित आहे.

म्हणून उपायाची परीक्षा दोन प्रश्नांनी करायची. आजचा फोड बसेपर्यंत तो त्वचेला इजा करतो का? आणि पुढच्या आठ आठवड्यांतली बुचं बसणं तो कमी करतो का? बहुतेक घरगुती उपायांना दुसरं साधत नाही. पण जो पहिल्या प्रश्नात नापास होतो, त्याला चेहऱ्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हा पहिला प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. आपल्या त्वचेला जिथे आग होते, खरचटतं किंवा सूज येते, तिथे ती जादा रंगद्रव्य सोडते. फोड आठवड्यात जातो, डाग महिनोन्‌महिने राहतो. दवाखान्यात आलेली कितीतरी माणसं फोडांपेक्षा डागांनीच जास्त कष्टी असतात, आणि त्यांतले बरेचसे डाग नखांचे आणि उपायांचे असतात.

स्वयंपाकघराच्या फळीवरच्या एकेका वस्तूला या चाळणीतून पुढे प्रकरणवार घातलं आहे. इथे थोडी चुणूक देते.

जायफळ. त्यातल्या सुगंधी द्रव्यांनी काहींची त्वचा चुरचुरते, हे खरं. पण सहाणेवर दहा मिनिटं उगाळून निघतं ते चार ठिपक्यांपुरतंच. चेहरा माखायचा म्हटलं तरी पुरत नाही. सहाण हेच मोजमाप होतं. शिवाय लेप वाळेपर्यंत बोटं गालाला लागत नसत, आणि फोड न पिचकवणं हा या जगातला सर्वांत गुणकारी घरगुती उपाय आहे. आज तेच जायफळ मिक्सरमध्ये दळून डबा भरून ठेवतात आणि चमच्यानं लावतात. नाव तेच राहिलं, मात्रा गेली.

मुलतानी माती तेल शोषते, यात शंका नाही. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, ओलसर असतानाच धुऊन टाकली तर बरी. तडकेपर्यंत ठेवली तर त्वचा ओढते, कोरडी पडते. विदर्भातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आणि रत्नागिरीच्या जुलैत एकच लेप सारखा वागत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. डाळीचं किंवा मसुराचं पीठ साबणापेक्षा सौम्य, पण वस्त्रगाळ असेल तरच आणि चोळायचं नसेल तरच. दिवाळीचं उटणं अंगाला लावावं. फोडांनी भरलेल्या चेहऱ्यावर भरड उटणं घासलं तर फोड फुटून जखमा होतात. कोरफडीचा गर थंडावा देतो, मात्र पान कापल्यावर झिरपणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा. खाज येते ती त्या चिकानं.

हळदीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. जखमेवर हळद लावण्याबद्दल १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधनसंस्थेचे प्रमुख असताना संस्थेनं जुने ग्रंथ आणि लेख पुढे करून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण वाद होता तो ज्ञान जुनं की नवं, याचा. हळदीनं मुरूम जातात का, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सूज कमी करतं, पण ते त्वचेत मुरायला फार आळशी. चिमूटभर शुद्ध हळद सायीत कालवून लावल्यानं नुकसान सहसा होत नाही. पिवळ्या चेहऱ्यानं शाळेत जायची तयारी ठेवावी. बाजारातल्या सुट्या, भडक पिवळ्या पावडरीत मात्र शिशाच्या रंगाची भेसळ सापडलेली आहे. ती पोटातही नको आणि गालावरही नको.

आणि लिंबू. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ५ असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. ही मोजपट्टी दर अंकाला दहापटीनं चढते, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा हजारपट आम्लधर्मी. वर आपल्या कागदी लिंबात अशी द्रव्यं असतात, की ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं आणि मागे गडद पट्टे उरतात. माझ्या फोटोतला पट्टा तो. खायचा सोडा उलट टोकाचा : त्याचा पीएच ८ च्या वर. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जो फेस येतो, तो पाहायला छान. त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. टूथपेस्ट दातांसाठी असते. खोबरेल तेल केसांना वरदान, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवणाऱ्यांत मोडतं. रात्री डोकं चपचपीत करून झोपलात तर कपाळावर आणि उशीच्या बाजूच्या गालावर त्याची खूण उमटते.

रोजच्या निगराणीला मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण तिथेच सर्वांत कमी पैसे लागतात. चेहरा दिवसातून दोनदा धुवा, घामानं निथळलात तर तिसऱ्यांदा. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, म्हणून चेहऱ्यासाठी सौम्य फेसवॉश बरा. टॉवेलनं टिपा, पुसू नका. तेलकट त्वचेलाही हलकं, पाण्याचं मॉइश्चरायझर लागतं. त्वचा कोरडी पाडून फोड जात नाहीत, उलट औषधं सोसायची तिची ताकद जाते. डाग नको असतील तर दिवसा सनस्क्रीन. उशीचा अभ्रा आठवड्याला बदला. हेल्मेटचा पट्टा आणि मोबाईलची काच पुसत जा. हे सगळं इतकं साधं आहे, की कुणी व्हिडिओत सांगत नाही.

जेवणाबद्दलही. वड्याचं तेल वड्यातून थेट गालावर येत नाही. पण साखर आणि मैदा यांनी रक्तातली साखर झपकन चढते, तेव्हा इन्शुलिनबरोबर तेलग्रंथींना चिथावणारी रसायनंही वाढतात. २००७ साली ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. साखर हळू चढवणारा आहार घेणाऱ्यांचे फोड जास्त कमी झाले. अर्थात त्यांची वजनंही उतरली होती, तेव्हा सगळं श्रेय ताटाला देता येत नाही. तरी बाटलीतलं गोड पेय आणि बिस्किटाचा पुडा यांच्याऐवजी भाकरी-उसळ खाल्ल्यानं कुणाचं बिघडलेलं नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी पाठीवर अचानक फोड उठले तर डब्यातली प्रोटीन पावडर तपासावी.

‘घरगुती’ म्हणजे फक्त स्वयंपाकघरातलं, असं मी मानत नाही. औषधाच्या दुकानातली काही साधी औषधंही एकदा डॉक्टरांना विचारून घेतली, की घरीच वापरायची असतात, आणि बुचाच्या प्रश्नाला खरं उत्तर तीच देतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. १९८६ साली झालेल्या एका तुलनेत २.५ टक्क्यांचं मलम सुजलेल्या फोडांवर ५ आणि १० टक्क्यांच्या तोडीचं ठरलं; १० टक्क्यांच्या मलमानं आग मात्र जास्त झाली, एवढाच फरक. टॉवेलांचे आणि अभ्र्यांचे रंग मात्र ते उडवतं. सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲडापलीन छिद्रं मोकळी ठेवतात. सुरुवातीला त्वचा सोलवटते, म्हणून एक दिवसाआड, वाटाण्याएवढंच घ्यायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापलीन नको.

याच दुकानात एक मोठा धोकाही आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला ‘फोडांवर आणि गोरेपणावर’ म्हणून एक ट्यूब दिली गेली. आठवड्यात चेहरा तुकतुकीत झाला. सगळ्यांनी वाखाणलं. चार महिन्यांनी ट्यूब थांबवली आणि चेहरा लालबुंद होऊन फोडांनी भरला, म्हणून तिनं ती पुन्हा सुरू केली. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. ही काही तिची एकटीची कहाणी नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण अशी मलमं लावत होते. त्यांतल्या दहांत नऊ जणांना अपाय झाला होता, आणि सर्वाधिक आढळलेला अपाय म्हणजे मुरमांसारखेच फोड. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ती चेहऱ्याची नाही. आणि हे पुस्तक कुणाला गोरं करण्यासाठी लिहिलेलं नाही, हेही इथेच सांगून टाकते. त्वचेचा रंग हा आजार नव्हे.

घरचे उपाय कुठे थांबवायचे, तेही ठरलेलं हवं. गाठी खोल आणि दुखऱ्या असतील, खड्डे पडू लागले असतील, तर एक दिवसही सहाणेवर घालवू नका; खड्डा एकदा पडला की लेपानं भरत नाही. जबड्याच्या कडेला फोड, पाळी अनियमित आणि ओठांवर-हनुवटीवर केस वाढलेले, असं तिन्ही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. प्रश्न अंडाशयाचा असू शकतो. एकसारखे, बारीक आणि खूप खाजणारे दाणे बहुधा बुरशीचे असतात, त्यांचं औषध वेगळं. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या १९८२ पासून वापरात आहेत आणि गंभीर मुरमांवर त्यांच्याइतकं प्रभावी औषध नाही. पण गर्भावर त्यांचा भयंकर परिणाम होतो, म्हणून मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी कधीही नाही. आणि मूल आरशासमोरून हलत नसेल, किंवा आरसाच टाळत असेल, शाळेला दांड्या मारत असेल, तर ‘सगळ्यांनाच येतात’ असं म्हणून गप्प बसू नका. आधी त्याचं ऐका, मग डॉक्टरांकडे न्या.

पुस्तक सलग वाचलंच पाहिजे असं नाही. घाईत असाल तर रोजच्या निगराणीचं प्रकरण वाचा आणि स्वयंपाकघराचं नंतर. एका वेळी एकच उपाय सुरू करा. आधी कानामागे किंवा कोपराच्या आत दोन दिवस लावून पाहा, आणि कॅलेंडरवर तारीख घाला. वस्तू काय लावली यापेक्षा ती तारीख पुढे जास्त कामाला येते.

माझ्या शाळेच्या आवारात दोन काटेसावरी होत्या. धाकटीचं खोड काट्यांनी भरलेलं, मुलं येता-जाता दगडानं ते ठेचायची. फाटकाजवळच्या थोरलीच्या खोडाचे काटे वयानं झिजून गेले होते, पाठ टेकून उभं राहता यायचं.

शेवटी त्या चिठ्ठीचं उत्तर. ज्यानं किंवा जिनं ती लिहिली, त्याला आता स्वतःची वयात आलेली मुलं असतील. बाळा, आज दिसतो तो फोड एका आठवड्यात बसेल, हात लावू नकोस. नीट उपाय सुरू केलास तर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील, त्याआधी बदलू नकोस. आणि पूर्ण जायला काही वर्षं. त्या शुक्रवारी हे मला सांगता आलं नाही.